आधी छप्पर, मग बाई

रेडीजभाऊजी पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले ते हात धुवायच्या आधी माझ्या शेगडीमागे वाकले. वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं, चष्मा पडला असेल. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून पिवळा खडू काढला, गॅसच्या सिलिंडरवर भराभर काहीतरी गिरवलं, गुडघे झटकत उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, सिलिंडरला आन दिलं. नळीला नाही देता येणार. नळी बदला. हं, पानं घ्या आता."

म्हणजे बघा. पाहुणा घरात येतो, अजून नाव-गाव विचारायचंय, तोवर यजमानीणबाईंची नळी नापास करतो आणि वर पानं घ्या म्हणतो. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते. ऑफिसातली माणसं घरी आणायची आणि ती काही करायला लागली की छताकडे पाहायचं, ही ह्यांची जुनी सवय.

गोष्ट सौदीतली, अबकैकची. तिथल्या तेलाच्या प्लांटवर हे इंजिनीयर आणि शशिकांत रेडीज सेफ्टी इन्स्पेक्टर. भाऊजी मूळचे चिपळूणचे. अंगाने काडी, मिशा मात्र दोघांना पुरतील एवढ्या. कामच सेफ्टीचं असल्यामुळे जगाकडे ते तीनच प्रश्न घेऊन बघत. हे पडेल का, हे पेटेल का, हे कुणाच्या पायात येईल का? ज्या वस्तूबद्दल तिन्ही उत्तरं 'नाही' अशी आली तिला ते खडूने एक चिनी अक्षर बहाल करत. ते अक्षर असं दिसतं: 安. उच्चार आन.

चिनी भाषेत म्हणे हजारो अक्षरं आहेत. भाऊजींना त्यातलं हे एक येत होतं. "एकच येतं, पण पुरं येतं," असं ते छाती काढून सांगत. ते कसं आलं, त्याचीही कथा होती. आधी ते तबूकला रस्त्याच्या कामावर होते. तिथे त्यांच्या खोलीत लिन नावाचा एक तैवानी सुतार राहायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अरबी दोघांनाही 'यल्ला' आणि 'खलास' एवढीच, म्हणजे काम सुरू करा आणि काम संपलं. मधलं सगळं हातवाऱ्यांनी. एका सुट्टीच्या दिवशी वाळूचं वादळ उठलं, दार उघडता येईना, तेव्हा वेळ जावा म्हणून दोघांनी एकमेकांना आपापलं एकेक अक्षर शिकवलं. लिनने भाऊजींना आन शिकवलं. भाऊजींनी लिनला 'श्री' शिकवलं.

"आता तिकडे तैवानात तो दारावर श्री काढत असेल," भाऊजी सांगत, "आणि त्याची बायको विचारत असेल, हे काय नवीन खूळ घेऊन आलात?"

त्या पहिल्या जेवणाला मी श्रीखंड केलं होतं. भाऊजींनी वाटी पुढे ओढली आणि चमच्याच्या शेपटीने श्रीखंडावर धडा सुरू केला. "हे बघा वहिनी. आधी हे टिंब. मग हे छप्पर. त्याच्याखाली ही बाई. मांडी घालून बसलीय, दिसली? छपराखाली बाई बसली, की आन. म्हणजे शांती. सुख. सेफ्टी. सगळं त्यात आलं."

"आणि पुरुष कुठाय?" मी विचारलं.

"पुरुष कामावर गेलाय."

"तरीच शांती आहे."

हे ठसका लागेपर्यंत हसले. भाऊजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "तेही खरंच असेल. पण क्रम महत्त्वाचा. आधी छप्पर, मग बाई. उलट काढलं तर लिन हातावर पट्टी मारायचा." आणि मग त्यांनी छप्पर, बाई, शांती असं सगळं चाटूनपुसून खाल्लं.

'आधी छप्पर, मग बाई' हे त्यांचं पालुपद होतं. कुणी रिकाम्या भांड्याखाली गॅस पेटवला, की आधी छप्पर, मग बाई. कुणी पत्ता न विचारता गाडी काढली, की आधी छप्पर, मग बाई. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या बायकांना ते पाठ झालं होतं आणि आम्ही त्यांना त्यावरून सळो की पळो करून सोडत असू. शेजारच्या देवधरबाई एकदा म्हणाल्या, "भाऊजी, आमच्याकडे छप्पर आहे, बाई आहे, शांतीचा मात्र पत्ता नाही." भाऊजींनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्ही बसत नाही ना बाई. अक्षरातली बसलेली आहे."

हसत होतो खऱ्या, पण त्या पिवळ्या खडूचं आम्हाला वेड लागलं. देवधरबाईंच्या टेबलफॅनला आन मिळालं, तर माझ्या मिक्सरला का नाही? मी नळी बदलली, मिक्सरची वायर बदलली, खिडकीचा पडदा शेगडीपासून लांब सरकवला. देवधरबाई तर भाऊजी येणार म्हटलं की इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवायच्या आणि सहज म्हणून ती त्यांच्या नजरेसमोर मांडायच्या. अंगठ्या आणि बांगड्या मिरवाव्यात तशा आम्ही आन मिरवायला लागलो. कामवाली नव्हतीच, पण असती तरी तिला ते अक्षर पुसू दिलं नसतं.

ते अक्षर नुसतं वस्तूंपुरतं नव्हतं. सकाळी भेटले की भाऊजी 'त्साओ आन' म्हणत. सकाळ सुखाची असो. निघताना, दुपार असली तरी, 'वान आन', म्हणजे रात्र सुखाची असो. कारण रात्रीपर्यंत पुन्हा भेट होईलच असं नाही. कुणी भारतातून परत आलं की 'फिंग आन?' म्हणजे सुखरूप पोचलात ना? मन निर्धास्त असेल तर 'आन शिन', आणि जीव खालीवर होत असेल तर त्याच अक्षराच्या आधी 'बू' लावून 'बू आन'. एवढंच काय, बल्ब बसवायचा झाला तरी चिनी माणूस आनच म्हणतो, असं भाऊजींनी स्टुलावर उभं राहून आमच्या बाथरूमचा बल्ब बसवता बसवता सांगितलं. "बल्बला काय सुख?" मी विचारलं. "जागच्या जागी बसला, हेच सुख," ते वरून म्हणाले.

एकदा बाजारात त्यांना एका मुतव्वाने हटकलं. मुतव्वा म्हणजे लोक नमाजाला जातात का, नीट कपडे घालतात का, हे बघणारे तिथले धर्मरक्षक. हातात छडी, दाढी लांब. भाऊजींच्या गाडीच्या दारावर आन काढलेलं होतं आणि त्या बाबाला वाटलं, ही कुठल्यातरी परक्या देवाची खूण. आमचे हे बरोबर होते, त्यांना घाम फुटला. भाऊजींनी शांतपणे बॉनेटवरच्या धुळीत बोटाने अक्षर काढलं आणि मोडक्या अरबीत फोड करून सांगितली. हे घर. ही बाई. बाई घरात. घरात शांती. मुतव्वाने दोनदा ऐकलं, अक्षराकडे पाहिलं, आणि भाऊजींच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा इकामा, म्हणजे तिथला राहायचा परवाना, खिशातून पडायचा राहिला. चिनी लोक इतके शहाणे असतील असं त्याला वाटलं नव्हतं म्हणे.

आम्हा बायकांना हे कळलं तेव्हा आम्ही भाऊजींवर आठवडाभर बहिष्कार टाकला. घराबाहेर पाऊल टाकायलाही नवरा लागायचा त्या देशात, आणि हे वर अक्षर काढून दाखवतात! भाऊजी दारात येऊन म्हणाले, "अहो, बाईला कोंडायचं नाही त्यात. बाई आहे म्हणून ते घर. नाहीतर नुसतं छप्पर, सायकली ठेवायला." मग मी त्यांना चहा दिला.

इतकं बायकांचं आणि छपरांचं तत्त्वज्ञान सांगणारा हा माणूस स्वतः एकट्या पुरुषांच्या कॅम्पात राहत होता. सौदीत तेव्हा एक मजेदार प्रकार होता. कंपनी ज्याला कुटुंबासाठी घर देत नाही, तो लग्न झालेला असला तरी कागदोपत्री 'बॅचलर'. भाऊजींच्या लग्नाला चिक्कार वर्षं झाली होती. बायको सुमन, चिपळूणला. वर्षातून एक महिना रजा, तेवढाच संसार. मूलबाळ नव्हतं. घरासाठी त्यांचं नाव यादीत होतं, पण यादी पुढे सरकायची नाही. कॅम्पातल्या फोनला मोठी रांग असायची म्हणून सुमनताईंचा फोन शुक्रवारी सकाळी आमच्या घरी यायचा. चिपळूणच्या बूथवरून त्या बोलत, भाऊजी इकडून 'अगो, हो ना' आणि 'अगो, ऐक तरी' एवढंच म्हणत, आणि मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवत असे. ऐकू येत नाहीये असं त्यांना वाटावं म्हणून.

मग ऑगस्टात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. आम्ही त्या बाजूलाच. रस्त्यावर रणगाडे, आकाशात विमानं, आणि प्रत्येकाच्या घरात रेडिओ. बायकामुलं परत पाठवायची धांदल सुरू झाली. आधी गोऱ्यांची गेली, मग आपल्यातली. आणि इथे रेडीजभाऊजींच्या नशिबाने काय चेष्टा केली बघा. घरं रिकामी पडली. इतकी वर्षं रांगेच्या शेपटाला उभा असलेला माणूस एकदम खिडकीशी पोचला, कारण पुढची सगळी रांग विमानतळावर गेली होती. दिवाळीच्या आधी त्यांना आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून, घर मिळालं. सुमनताईंच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्काही त्याच सुमारास बसला. अर्ज केला होता तो युद्धाचं नाव नसताना. तिकीट काढायचं तेवढं बाकी राहिलं.

भाऊजी हवेत तरंगायला लागले. "हे भांडण दिवाळीपर्यंत मिटतंय," ते म्हणाले. दिवाळी झाली. "नाताळपर्यंत मिटतंय." आणि ते घर लावत सुटले. सुमनताईंना मात्र घराचं कळवलं नव्हतं, भांडण मिटलं की तिकिटासकटच सांगणार होते. सगळी कॉलनी बॅगा भरत होती आणि हा एक माणूस जवळच्या खोबर शहराच्या बाजारातून डबे, परात, पोळपाट आणि चकलीचा सोऱ्या घेऊन येत होता. विमानतळावर निघालेली बाई गाडीतून हात हलवायची आणि भाऊजी खांद्यावर पडद्याची दांडी घेऊन तिला 'फिंग आन' करायचे. लोक म्हणाले, रेडीजला भ्रम झाला.

एके दिवशी त्यांनी मला भिंतीशी उभं केलं. "वहिनी, टाच टेका. सुमन तुमच्यापेक्षा चार बोटं कमी." माझ्या डोक्याच्या खाली चार बोटं मोजून त्यांनी खडूची रेघ ओढली आणि त्या रेघेच्या हिशोबाने घरातलं सगळं लावलं. फळ्या, मांडणी, आरसा. मी आरशात बघायला गेले तर मला माझी हनुवटी आणि गळ्यातलं दिसलं, तोंड दिसेना. "भाऊजी, मला वाकावं लागतंय." "तुम्ही वाका," ते म्हणाले, "तुमच्यासाठी नाहीये ते." गॅस, नळी, पंखे, सगळं त्यांनी तीनतीनदा तपासलं आणि खडू उचलला. दारावर मात्र त्यांनी टिंब आणि छप्पर तेवढं काढलं. खाली जागा मोकळी ठेवली.

नाताळ आला. काही मिटलं नाही. उलट घरोघर विषारी गॅसपासून वाचायचे मुखवटे वाटले. इराकला कुवेत सोडायला दिलेली जानेवारीची मुदत जवळ आली आणि भाऊजींचं तरंगणं एका दिवसात थांबलं. आता ते खऱ्या अर्थाने कामाला लागले. खिडक्यांना प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. उरल्यासुरल्या बायकांची त्यांनी कवायत घेतली. मुखवटा घालून दार लावा, मुखवटा घालून गॅस बंद करा, मुखवटा घालून फोन करा. देवधरबाईंचा पट्टा अंबाड्यावरून सरकेना. "केस कापू का?" त्यांनी मुखवट्याच्या आतून विचारलं, आम्हाला 'भूँ भूँ' एवढंच ऐकू आलं. भाऊजींनी सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि अंबाड्याला आन नाकारलं. दुसऱ्या दिवसापासून देवधरबाई दोन वेण्या घालून हिंडायला लागल्या. पन्नाशीच्या बाई त्या! देशावर संकट होतं आणि आम्ही पोट धरधरून हसत होतो.

मला मात्र भाऊजी रोज घरी जा म्हणत. मी नाही म्हणत असे. नवरा इथे आणि मी नाशिकला बसून रेडिओला कान लावू? ते मला जमणारं नव्हतं. ह्यांनी मला विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं, विषय संपला होता.

एका शुक्रवारी सुमनताईंचा फोन आला आणि भांडी वाजवता वाजवता माझा हात थांबला. भाऊजी म्हणत होते, "अगो, घर नाही मिळालं. दुसऱ्याला दिलं. नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मी काय करू?"

फोन ठेवून ते वळले तर मी दारात उभी.

"खोटं बोललात."

"बोललो."

"तिला सांगायचं ना, युद्ध होतंय, येऊ नको."

"सांगितलं की. ती म्हणाली, तुम्ही तिथे आहात ना, मग मी का नको? तुमच्यासारखीच आहे ती, वहिनी. घर आहे म्हटलं असतं, तर पुढच्या विमानात बसली असती." मग मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "छप्परच नाही म्हटल्यावर येणार कुठे?"

मला फार राग आला. मला विचारतात, समजावतात, माझं 'नाही' ऐकून घेतात. आणि स्वतःच्या बायकोला विचारायचंसुद्धा नाही? मी तसं तोंडावर बोलले.  ते बाहेर जाऊन आमच्या खिडकीची एक सुटलेली पट्टी नीट चिकटवत बसले.

आता इथे भाऊजींची एक मोठी चूक झाली. आखातातून घरी जाणाऱ्या माणसाचा एक धर्म असतो. मागे राहिलेल्या प्रत्येकाचं पुडकं न्यायचं, आणि पोचल्यावर आधी प्रत्येकाच्या घरी फोन करून खुशाली कळवायची. तुमचा मुलगा बरा आहे, जरा वाळलाय, तुमच्या मिस्टरांनी मिशा वाढवल्यात. ही खुशाली कळवल्याशिवाय घशाखाली चहा उतरत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला देवधरबाई अखेर निघाल्या. भाऊजींनी सुमनताईंसाठी अत्तर आणि टॉवेल असं पुडकं त्यांच्या हातात दिलं, चिपळूणच्या घराशेजारच्या वखारवाल्यांचा फोन नंबर दिला, आणि 'फिंग आन' म्हणून हात हलवला. घरादाराच्या फटीनफटी टेपने बंद करणाऱ्या माणसाला देवधरबाईंचं तोंड उघडं आहे हे दिसलं नाही.

चार दिवसांनी, सगळे कामावर गेलेले असताना, आमचा फोन वाजला.

"ताई, मी सुमन बोलत्ये, चिपळुणातून. आज शुक्रवार नाय, ठाऊक आहे मला. ते नसताना तुमच्याशीच बोलायचं होतं."

मी खुर्चीत बसले.

"देवधरबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, तुमचं घर काय सुरेख लावलंय हो भाऊजींनी! पडदे म्हणे हिरवे आहेत, फळ्या अगदी खाली आहेत. ताई, माझी शपथ आहे, खरं सांगा. घर मिळालंय?"

खोटं बोलणं सोपं होतं. देवधरबाई काहीही बोलतात म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जे मी भाऊजींच्या तोंडावर चूक म्हटलं होतं, तेच मी कसं करू? आणि तिच्या जागी मी असते तर मला खरंच हवं असतं.

"मिळालंय," मी म्हटलं. "दिवाळीच्या आधीच."

तिकडे एसटीचा हॉर्न ऐकू आला. 

"फळ्या खरंच खाली लावल्यात?"

"इतक्या खाली, की मला वाकावं लागतं."

त्या हसल्या. "इथल्या घरात सगळं सासूबाईंच्या मापाचं. त्या उंच होत्या. लग्न झाल्यापासून मी मीठ काढायलासुद्धा स्टुलावर चढत्ये. एकदा पडले होते. ह्यांना सांगितलं नव्हतं मी, पण कुणीतरी सांगितलं असणार." आणि मग त्या रडायला लागल्या. मी इकडे पदर तोंडाशी धरून बसले.

"व्हिसा आहे. विमानं अजून चालू आहेत," मी शेवटी म्हटलं. "यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांनी परस्पर ठरवलं, ते मला पटलेलं नाही."

"यावंसं तर आत्ता वाटतंय," त्या म्हणाल्या. त्यांनी नाक ओढलं. "पण ताई, मी तिथे आले की ते प्लांटवर जातील आणि जीव घरात ठेवून जातील. मी ओळखत्ये ना त्यांना. एखादी वायर बघायची राहिली तर? किती माणसं असतात तिथे. आता ह्या दिवसांत त्यांचं डोकं जाग्यावर हवं. नाय येत मी."

"मग मी सांगते त्यांना, तुम्ही समजून घेतलंत म्हणून."

"नको नको! मुळीच सांगू नका. मला कळलंय हे त्यांना कळलं, की रोज घाबरतील, आज येत्ये की उद्या येत्ये. त्यांना वाटूंदे, खोटं पचलं म्हणून. मी शुक्रवारी चांगली भांडत्ये बघा, घर का नाय मिळालं म्हणून. भांडले नाय तर संशय येईल."

मी फोन ठेवला. दोघांचं एकेक खोटं माझ्या ओटीत आलं होतं आणि मला दोघांवरही रागावता येईना. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या ह्यांना विचारा. पण मी ह्यांनासुद्धा बोलले नाही.

शुक्रवारी भाऊजी जरा लवकरच आले. फोन वाजला. त्यांनी उचलला आणि 'अगो' म्हणायच्या आत तिकडून जी सरबत्ती सुरू झाली, ती मला स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू येत होती. भांडी वाजवायचीही सोय नव्हती. माझे हात कणकेत होते.

"एवढी वर्षं त्या वाळवंटात राबताय आणि एक खोपटं मिळत नाय तुम्हाला? गोठा तरी मागायचा!"

"अगो, साहेब ऐकत नाही."

"कुठला साहेब? द्या त्याला फोन! मी बोलत्ये!"

"अगो, तो अमेरिकन आहे."

"असूंदे! मराठीतच सांगत्ये, बरोबर कळेल त्याला!"

भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते, पण मला त्यांचा गाल दिसत होता. हसू मावत नव्हतं त्या गालावर. ते त्या नसलेल्या साहेबाचं वर्णन करत सुटले. तो टकला आहे, खडूस आहे, कुणालाच घर देत नाही. आणि सुमनताई चिपळूणच्या बूथमध्ये उभ्या राहून त्या नसलेल्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. मी कणकेत तोंड खुपसायची बाकी होते. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

फोन संपला. भाऊजींनी रिसीव्हर रुमालाने पुसला आणि हळूच ठेवला.

"काय चिडलीय, वहिनी!" त्यांचा चेहरा उजळला होता. "खरं वाटलं तिला. खरं वाटल्याशिवाय माणूस इतकं चिडत नाही. आता नाही येत ती. सुटलो बुवा."

मी कणकेवर ओलं फडकं टाकलं. ते दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातले आणि तिथेच थांबले.

"वहिनी, आज इथेच बसू का जरा? तुमचं काम चालू द्या. मी मधे येणार नाही. त्या घरात मला बसवत नाही."

"बसा ना," मी म्हटलं. 

ते स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल ओढून बसले. नुसतं बसवणार नाही हे ओळखून मी त्यांच्यापुढे लसणाचे गड्डे आणि ताटली ठेवली. त्यांनी मान खाली घालून एकेक पाकळी सोलायला घेतली. एवढ्या लसणाचं मला काहीच काम नव्हतं.

"भांडते मात्र छान," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "फार छान भांडतात." आणि पाठ वळवून मी पोळ्या लाटायला घेतल्या.